यादी खालून वर वाचावी

पहिला डेस्कटॉप स्वतः जोडायचा म्हटलं की आजकाल माणूस दुकानात जाण्याआधी यूट्यूबवर जातो. तिथे '५० हजारांत बेस्ट पीसी' छापाचे शेकडो व्हिडिओ आहेत आणि प्रत्येकाच्या शेवटी एक यादी आहे: प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, कॅबिनेट, पॉवर सप्लाय, खाली बेरीज. या यादीकडे आपण निव्वळ माहिती म्हणून बघतो. मला ती एक लेखनप्रकार म्हणून वाचायची आहे. कुठल्याही लेखनप्रकारात काही गोष्टी गृहीत धरलेल्या असतात, एक वाचक गृहीत धरलेला असतो, आणि तो वाचक कुठल्यातरी खोलीत बसलेला असतो. ही खोली खामगावात नाही, मलकापुरात नाही आणि लोणारमध्येही नाही.

आधी या प्रकाराचं श्रेय त्याला देऊ. त्याच्या आधी आपल्याकडे दुसरी यादी होती, दुकानदाराचं कोटेशन. एमएस-सीआयटीच्या लाटेत तालुक्याच्या गावात कॉम्प्युटर आला तेव्हा तो बहुधा 'असेंबल्ड' असायचा. लेटरहेडवर सहा-सात ओळी, त्यातली एक 'कॅबिनेट विथ एसएमपीएस'. तो एसएमपीएस कुणी बनवला, हे विचारायची पद्धत नव्हती. डब्यावर ४५० वॅट छापलंय ना, मग झालं. बिल्ड गाइडने ही मक्तेदारी मोडली. प्रोसेसर आणि मदरबोर्डचं सॉकेट जुळावं लागतं, डीडीआर४ च्या खाचेत डीडीआर५ बसत नाही, १६ जीबीच्या एका पट्टीपेक्षा ८-८ च्या दोन पट्ट्या बहुतेक वेळा बऱ्या, हे सगळं गाइडने फुकट शिकवलं. इंटेलने १९९५ साली आणलेल्या एटीएक्स मापांमुळे एका कंपनीचा बोर्ड दुसऱ्या कंपनीच्या कॅबिनेटमध्ये बसतो. पण ही सोय आपल्यासाठीही आहे, हे चिखलीच्या पोराला सांगितलं ते गाइडनेच.

आता तक्रार. या यादीचा क्रम निष्पाप नाही. जे चमकतं ते वर, जे राबतं ते खाली. व्हिडिओतली पहिली दहा मिनिटं प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाची, शेवटचं अर्धं मिनिट पॉवर सप्लायचं. पैशांचंही तेच. सगळं वाटून झाल्यावर उरलेल्या रकमेत जो बसेल तो सप्लाय. मोजपट्टी एकच, एका रुपयात किती फ्रेम. खेळ किती वेगाने चालतो हे कळतं, मशीन किती वर्षं चालेल याला यादीत रकानाच नाही.

तीन ओळी जवळून वाचून बघू.

पहिली ओळ, कूलर. गाइडमध्ये हा शब्द प्रोसेसरवर बसणाऱ्या पंख्यासाठी आहे. आपल्याकडे कूलर म्हणजे खिडकीला टेकलेली, ताट्या लावलेली, पाणी ओढणारी पेटी. बुलढाणा जिल्ह्यात लोक 'घाटावर' आणि 'घाटाखाली' असा भेद करतात. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर, तुलनेने थंड. राजूर घाट किंवा बोथा घाट उतरला की मे महिन्यात पारा ४४-४५ पर्यंत जातो. गाइडमधल्या चाचण्या बहुतेक २०-२५ अंशांच्या खोलीत होतात. तिथे ७५ अंशांवर चालणारा प्रोसेसर ४० अंशांच्या खोलीत ढोबळमानाने ९० वर जातो, आणि ९० ते १०० च्या दरम्यान बहुतेक प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतात. म्हणजे जास्तीचे पैसे देऊन घेतलेला वेग उन्हाळ्यात हातात येतच नाही. त्यावर उपाय म्हणून मशीन खिडकीतल्या कूलरच्या झोतात ठेवलं, तर दमट हवा, पाण्याचे तुषार आणि क्षार थेट आत. जिनिंगच्या गावात कापसाचा तंतू पंख्यात गुंततो, तो वेगळाच. त्यामुळे समोर काच आणि रंगीत दिवे असलेल्या कॅबिनेटपेक्षा समोर जाळी आणि काढून धुता येणारा फिल्टर असलेलं साधं कॅबिनेट आपल्या कामाचं. गाइड मात्र कॅबिनेटच्या ओळीत 'लुक्स'बद्दल बोलतो.

दुसरी ओळ, प्रोसेसर. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असतो, उदाहरणार्थ आय३-१२१००एफ, त्यात ग्राफिक्स नसतं. म्हणून तो स्वस्त, म्हणून गाइडचा लाडका. 'नाहीतरी ग्राफिक्स कार्ड लावणारच आहात' हा युक्तिवाद कार्ड बिघडेपर्यंत बरोबर आहे. कार्ड वॉरंटीत असलं तरी ते बॉक्समध्ये भरून कुरियरने मोठ्या शहरात जातं, आणि यायला कधीकधी आठवडे लागतात. तेवढे दिवस 'एफ'वाल्याचा पडदा काळा. प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स असेल, जसं २०२१ च्या रायझन ५ ५६००जी मध्ये आहे, तर मशीन चालू राहतं. अभ्यास, कोडिंग, फॉर्म भरणं थांबत नाही. सर्व्हिस सेंटर रिक्षाच्या अंतरावर असलेल्या माणसाला हा फरक फालतू वाटेल. आपल्यासाठी तो विमा आहे.

तिसरी ओळ, पॉवर सप्लाय. इथे गाइड '८० प्लस ब्रॉन्झ आहे ना, मग घ्या' म्हणून पुढे सरकतो. ८० प्लस हा २००४ मध्ये सुरू झालेला शिक्का सांगतो तो इतकंच, की वीज किती वाया जाते. तोही साधारण २३ अंशांच्या खोलीत तपासून. व्होल्टेज उसळलं तर आतलं संरक्षण जागं होईल का, हे तो शिक्का सांगत नाही. चांगले उत्पादक 'पूर्ण क्षमता ४० अंशांना' किंवा '५० अंशांना' असं स्पष्ट लिहितात. घाटाखालच्या माणसाने शिक्क्याआधी तो आकडा शोधावा. आतले कपॅसिटर तापमान १० अंशांनी वाढलं की ढोबळमानाने निम्मं आयुष्य जगतात.

आणि मग यादीत नसलेली चौथी ओळ. घरातली कुठलीही आजी विचारेल, "अन् लाइन गेली तं काय करशीन?" या प्रश्नाचं उत्तर बहुतेक गाइडमध्ये नसतं. चांगला सप्लाय वीज गेल्यावर साधारण १६-१७ मिलीसेकंद तग धरतो. घरच्या इन्व्हर्टरला साध्या मोडवर बॅटरीवर यायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो, म्हणून त्याच्या मागचं बटण 'यूपीएस मोड'वर हवं. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल, तर ॲक्टिव्ह पीएफसीचा सप्लाय त्यावर कुरकुर करतो, कधी बंदच पडतो. ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॅटच्या आसपासच देतो. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येत असतील, तर तिसऱ्या पिनमागे बहुधा अर्थिंग नाही. त्यासाठी इलेक्ट्रिशियनला बोलवायचा खर्चही पीसीच्या बजेटमध्येच धरायला हवा.

यावर कुणी म्हणेल, गाइडने प्रत्येक गावासाठी वेगळं लिहायचं का? मग गाइडमधला एक जुना विधी बघा, अँटिस्टॅटिक पट्टा. २०१८ मध्ये 'द व्हर्ज' या अमेरिकी साइटने पीसी जोडायचा व्हिडिओ केला. त्यातल्या चुकांवर जगभर हसू झालं, आणि त्यात मनगटावरच्या पट्ट्याचीही टिंगल झाली. पण हा पट्टा मुळात कसल्या घरांची काळजी आहे? कोरडा हिवाळा, हीटर आणि गालिचा असलेल्या घरांची. म्हणजे गाइडला हवामान असतं, फक्त ते आपलं नसतं. मराठीत बोलणारे बरेच व्हिडिओही तोच साचा उचलतात. भाषा बदलते, खोली तीच राहते.

या प्रकाराचा आवडता शब्द 'फ्यूचर-प्रूफ'ही असाच उसना. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून घेतली आणि रॅमचे भाव असे चढले, की काही महिन्यांपूर्वीच्या यादीची बेरीजच निकामी झाली. 'आत्ता स्वस्त सप्लाय घ्या, पुढे बदला' हा सल्ला दुसऱ्यांदा पैसे येतीलच असं धरून चालतो. ज्या घरात ही रक्कम सोयाबीनच्या पट्टीतून किंवा दोन वर्षांच्या शिलकीतून उभी राहते, तिथे ती खरेदी दुसऱ्यांदा होत नाही. बोर्ड जळाला, तर कॉम्प्युटरबरोबर घरच्यांनी टाकलेला विश्वासही जातो, आणि पुढच्या वेळी धाकट्या बहिणीने काही मागितलं की हाच दाखला दिला जातो.

म्हणून यादी फेकू नका, खालून वर वाचा. आधी अर्थिंग आणि यूपीएस, मग पॉवर सप्लाय, मग जाळीचं कॅबिनेट, मग ग्राफिक्ससकट प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एसएसडी. ग्राफिक्स कार्ड सगळ्यात शेवटी, पुढच्या हंगामात घेतलं तरी चालेल. फ्रेम थोड्या कमी मिळतील, हे खरं. ज्याला फक्त खेळायचंय आणि ज्याच्या खोलीत एसी आहे, त्याने यादी वरूनच वाचावी.

बाकीच्यांसाठी एक चांगला मराठी गाइड अजून लिहायचा आहे. तो प्रोसेसरपाशी सुरू होणार नाही. खोली मे महिन्यात किती तापते, दिवसातून किती वेळा लाइन जाते आणि पार्ट बिघडला तर तो कुठे पाठवायचा, हे तीन प्रश्न विचारून तो सुरू होईल.