कोल्हा, पूर आणि काव्य

चित्रकोडे हा वाङ्मयाचा विषय होऊ शकतो असे म्हटले, की आपल्याकडील रसिक किंचित हसतो आणि पान उलटतो. त्याच्या हसण्याला मोठमोठ्यांचा आधार आहे. ज्यात व्यंग्यार्थ नाही, केवळ शब्दार्थांची कसरत आहे, अशा 'चित्र'काव्याला मम्मटाने अधम ठरवले. विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त प्रहेलिकेला अलंकारांच्या पंक्तीतूनच उठवले. ती रसाच्या आड येते, हा त्याचा आक्षेप. तिकडे इंग्लंडात जोसेफ ॲडिसनने 1711 साली 'स्पेक्टेटर'मधून खोट्या चातुर्याचे जे प्रकार मोजून दाखवले, त्यांत चित्रकोडे आहेच. पूर्व आणि पश्चिम यांचे इतके एकमत क्वचितच होते. म्हणूनच ते एकदा तपासून पाहावे असे मला वाटते.

प्रथम हे कोडे चालते कसे ते पाहू. कागदावर एक कोल्हा काढला आहे आणि शेजारी दुथडी भरून वाहणारी नदी. उत्तर : कोल्हापूर. गावाच्या नावातले 'पूर' म्हणजे नगर. नदीचा पूर हा निराळाच शब्द. कोडे उभे आहे ते केवळ उच्चाराच्या सारखेपणावर. तेव्हा सोडवणाऱ्याला पहिली गोष्ट करावी लागते ती म्हणजे चित्राचा अर्थ विसरणे. कोल्हा लबाड की भित्रा, नदी कोणती, हा विचार करत बसणारा तिथेच अडकतो. चित्राचे नाव मोठ्याने उच्चारावे, नाव उचलावे आणि वस्तू टाकून द्यावी, हीच खरी युक्ती.

जरा अवघड कोडे घेऊ. 'सा' हे अक्षर आणि पुढे आकाशातली एक चांदणी. 'चांदणी' म्हणाल तर काहीच जुळत नाही. 'तारा' म्हणालात की सातारा. म्हणजे एकाच वस्तूची दोन-तीन नावे मनात फिरवून पाहावी लागतात. हेच गाव सातचा आकडा आणि चाकाचा आरा काढूनही दाखवता येईल. पण 16 हा आकडा आणि पूर काढून सोलापूर सुचवले, तर 'ळ'चा 'ल' करावा लागतो. ही सूट द्यावी की नाही? ॲडिसनपुढेही असाच एक मासला होता. न्यूबेरी नावाच्या गृहस्थाने दारावर यू नावाच्या झाडाची फळांनी लगडलेली पाटी लावली आणि फांदीला सोन्याचा 'एन' टांगला. नाव जुळायला स्पेलिंग थोडे वाकवावे लागले. मला विचाराल तर एका कोड्यात एकदा वाकवलेले चालेल. दोनदा वाकवले, की ते कोडे नव्हे, जबरदस्ती.

इथे प्रामाणिकपणाचा प्रश्न येतो आणि तो वाटतो तितका किरकोळ नाही. स्वातंत्र्यानंतरच्या काळात बक्षिसांच्या कोड्यांचा आपल्या देशात इतका सुळसुळाट झाला, की 1955 साली संसदेला त्यांच्यासाठी कायदा करावा लागला. त्या कायद्यात शब्दकोड्यांच्या जोडीला चित्रस्पर्धांचाही नावानिशी उल्लेख आहे आणि महिन्याच्या बक्षिसांवर एक हजार रुपयांची मर्यादा आहे. 1957 साली सर्वोच्च न्यायालयाने असा निवाडा दिला, की हा कायदा जुगारवजा स्पर्धांपुरता आहे, खऱ्या कौशल्याच्या स्पर्धांना तो लागू नाही. न्यायाधीशांनी त्या दिवशी नकळत समीक्षकाचे काम केले, असे मी म्हणेन. ज्या जागी चार शब्द सारखेच बसतात आणि 'बरोबर' तो केवळ संपादकाच्या पाकिटात असतो, तिथे बुद्धीला वाव नसतो, नशिबाला असतो. चांगल्या कोड्याचे उत्तर कोड्यातच असते. सापडले की ते आपले आपण पटते.

या पटण्याची सर्वांत मोठी गोष्ट शांपोलियोंची. 1822 साली त्याच्यापुढे एका इजिप्शियन राजाच्या नावाची चौकट आली. आरंभी सूर्याचे वर्तुळ, मध्ये एक चिन्ह, शेवटी 'स' दोनदा. हा 'स' त्याला टॉलेमीच्या नावावरून ठाऊक होता. कॉप्टिक भाषेत सूर्य म्हणजे 'रे'. त्याने वर्तुळाचे नाव उच्चारले आणि रामसेस हा राजा समोर उभा राहिला. पण पुरावा पुढेच आहे. दुसऱ्या चौकटीत सूर्याच्या जागी थोथ या देवाचा पक्षी होता. तीच किल्ली लावताच थुटमोस निघाला. एक किल्ली दोन कुलुपांना लागली, तेव्हा ती किल्ली खरी.

उलट उदाहरण आपल्या घरचे आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील फादर हेरास यांनी सिंधू मुद्रांवरील माशाचे चिन्ह द्राविडी 'मीन' असे वाचले. 'मीन' म्हणजे मासा आणि तमिळमध्ये तारासुद्धा. पुढे फिनलंडच्या आस्को पार्पोला यांनी हाच धागा पुष्कळ लांबवर नेला. कल्पना मोठी मोहक आहे. परंतु ती लिपी आजही वाचली गेलेली नाही, कारण ताडून पाहायला दुसरे कुलूपच हाती नाही. मोहकपणा हा पुरावा नव्हे, हे टीकेच्या क्षेत्रातही आपण लक्षात ठेवलेले बरे.

आता मूळ आक्षेपाकडे वळू. ॲडिसनची कसोटी अशी, की चातुर्याचे भाषांतर करून पाहावे. उरले तर खरे, उडाले तर केवळ शब्दांचा खेळ. या कसोटीला चित्रकोडे टिकत नाही, हे कबूल. पण मग आपला श्लेषही जाईल, यमकही जाईल. मोरोपंतांचे 'निरोष्ठरामायण' तर पहिल्याच फेरीत बाद. ज्यात ओठ मिटावे लागत नाहीत अशा वर्णांनीच रामकथा सांगायची, म्हणजे 'राम' हे नाव घ्यायचीही चोरी, कारण 'म' ओष्ठ्य! ही केवळ कसरत आहे असे म्हणून मला हात झटकता येत नाहीत. ज्याचे नाव घेता येत नाही त्याच्याचभोवती सारी कथा फिरते, हा अनुभव भाषांतरात कसा न्यावा? भाषांतरात जे मरते ते खोटे, असे मानणे म्हणजे भाषेच्या देहालाच खोटे म्हणणे आहे.

विश्वनाथाचा आक्षेप अधिक भारी आहे. कोडे सुटले की संपते. कविता कळल्यावर सुरू होते. हे बहुतांशी खरे आहे. मात्र आपल्या 'उखाणा' या शब्दाकडे पाहा. कोड्यालाही उखाणा म्हणतात आणि नाव घेण्यालाही. नाव घेताना उत्तर मांडवातल्या प्रत्येकाला आधीच माहीत असते, तरी सगळे कान टवकारतात. म्हणजे आनंद केवळ उत्तरात नव्हता; नाव लांबवत, लपवत, अखेर ओठांवर येऊ देण्याच्या वाटेत होता. ती वाट सुंदर असेल तर ती पुन्हा चालावीशी वाटते, आणि पुन्हा चालावेसे वाटणे हे तर रसाचेच लक्षण.

आणि कधी कधी टाकून दिलेली वस्तू परतही येते. ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेचे पाणी कोल्हापुरात शिरले. त्यानंतर ते साधे कोडे एखाद्या कोल्हापूरकरापुढे ठेवा. दुथडी भरलेल्या नदीचे चित्र त्याला नुसता उच्चार म्हणून वाचता येणार नाही. त्याला उत्तर येईल, पण चित्र विसरता येणार नाही. जिथे उच्चार आणि वस्तू अशी एकमेकींना सोडीनाशी होतात, तिथे कोडे काव्याच्या हद्दीत शिरते. अशी कोडी थोडीच असणार. पण अशा कविता तरी कुठे पुष्कळ असतात?