पुश-पुल विवर्धक : आकृतीबाहेरचे दोन प्रश्न

आकाशवाणीचे सांगली केंद्र १९६३ मध्ये सुरू झाले आणि १२५१ किलोहर्ट्झ हा आकडा या परिसरात घरोघरी पोचला. सेकंदाला १२ लाख ५१ हजार कंपने, हा त्याचा अर्थ विद्यार्थी चटकन सांगतात. परंतु अशा कंप्रतेवर शक्ती वाढवणारा विवर्धक शिकवताना फळ्यावर जी पुश-पुल आकृती काढली जाते, तिच्याविषयी आमची तक्रार आहे.

आकृती चुकीची नाही. दोन ट्रान्झिस्टर आळीपाळीने अर्धा-अर्धा तरंग वाहतात आणि ते तंतोतंत सारखे असले तर सम हार्मोनिक परस्परांना नाहीसे करतात, हे ती उत्तम दाखवते. मात्र तारेची लांबी किती आणि वाया गेलेली शक्ती कुठे जाते, हे प्रश्न तिच्यातून उद्भवतच नाहीत.

एक सेंटिमीटर तारेचा इंडक्टन्स सुमारे १० नॅनोहेन्री धरू. १२५१ किलोहर्ट्झला तिचा अवरोध ०.०८ ओहम, म्हणजे नगण्य. ३० मेगाहर्ट्झला तोच १.९ ओहम होतो. आणि मोठ्या ट्रान्झिस्टरच्या बेसपाशी मिळणारा अवरोधही साधारण तेवढाच असतो! म्हणून दोन्ही एमिटर शेजारी-शेजारी ठेवून आखूड, रुंद पट्टीने जोडतात. त्यांतील प्रवाह परस्परविरुद्ध असल्याने मधला बिंदू जवळजवळ शून्य विभवावर राहतो.

आता उष्णता. 'ब' वर्गाच्या विवर्धकाची कार्यक्षमता सिद्धांतानेही ७८.५ टक्क्यांपलीकडे जात नाही. समजा, प्रत्येक ट्रान्झिस्टरमध्ये ३० वॅट उष्णता निर्माण होते. बैठक आणि उष्माशोषक यांच्यातील औष्णिक रोध दर वॅटला ०.३ अंश असेल, तर तिथे ९ अंशांचा फरक पडतो. पृष्ठभाग खडबडीत राहून रोध १.५ झाला, तर ४५ अंशांचा! सांगलीतल्या एप्रिलच्या ४० अंशांत ही भर जीवघेणी ठरते. शिवाय द्विध्रुवी ट्रान्झिस्टर तापला की अधिक प्रवाह वाहतो आणि आणखी तापतो. जोडीतला एकच तापला तर समतोलही बिघडतो. दोघांना एकाच उष्माशोषकावर जवळजवळ बसवण्याचे कारण हेच.

शिक्षकांनी आकृतीशेजारी तारेची लांबी आणि उष्णतेचा हिशेब मांडावा, एवढीच आमची सूचना. गणित दहावीच्या पलीकडचे नाही. जुने शक्तिशाली रेडिओ ट्रान्झिस्टर वर्गात जरूर दाखवावेत, पण फोडू वा घासू नयेत. त्यांपैकी अनेकांत बेरिलियम ऑक्साइड असते आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे.