फ्यूज कोणाला वाचवतो?

घरगुती विजेच्या सुरक्षिततेचा पाठ वर्गात बहुधा एका वाक्याने संपतो : फ्यूज आणि अर्थिंग असले की घर सुरक्षित. हे वाक्य अर्धेच खरे आहे. उरलेल्या अर्ध्यात माणसाचा जीव जाऊ शकतो, म्हणून ते तपासून पाहू.

तारेतून प्रमाणाबाहेर प्रवाह गेला की फ्यूज वितळतो. म्हणजे तो रक्षण करतो ते तारेचे. एमसीबीचे कामही मुख्यतः तेच. ओल्या अंगाच्या माणसाचा रोध सुमारे 1000 ओहम धरा. 230 व्होल्टला त्याच्या शरीरातून 230 मिलिअँपिअर प्रवाह जाईल. हृदयाची लय बिघडायला याहून बराच कमी प्रवाह पुरतो. पण 5 अँपिअरच्या फ्यूजला त्याची खबरही लागत नाही.

मग अर्थिंग? परभणीजवळच्या पिंगळीसारख्या गावाचा विचार करा. इथली काळी जमीन पावसाळ्यात ओल धरते, उन्हाळ्यात सुकून भेगाळते. ओल गेली की जमिनीचा रोध वाढतो. आणि पत्र्याचा कूलर चालतो तो नेमका त्याच दिवसांत! कूलरमधील फेजची तार पत्र्याला टेकली असे समजू. अर्थिंगच्या मार्गाचा एकूण रोध 2 ओहम असेल, तर 115 अँपिअर प्रवाह वाहून फ्यूज लगेच उडेल. तोच रोध 50 ओहम असेल, तर प्रवाह फक्त 4.6 अँपिअर. फ्यूज शाबूत, कूलर चालू आणि पत्र्यावर जवळजवळ पूर्ण 230 व्होल्ट!

ही उणीव ईएलसीबी भरून काढतो. हल्लीच्या प्रकाराला आरसीसीबी म्हणतात. त्यात फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा एकाच चुंबकीय कड्यातून जातात. जाणारा व परतणारा प्रवाह सारखा असला की त्यांचे चुंबकीय परिणाम एकमेकांना रद्द करतात. काही प्रवाह माणसातून जमिनीत गेला की हा तोल बिघडतो, कड्यावरील तिसऱ्या वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो आणि स्विच पडतो. घरगुती उपकरणात 30 मिलिअँपिअरचा फरक त्याला पुरतो.

पण हाही सर्वज्ञ नाही. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम धरणाऱ्याला तो वाचवू शकत नाही. सैल जोडातील ठिणग्याही त्याला कळत नाहीत, कारण तिथे प्रवाह गळत नाही. ठिणगी ओळखणारी उपकरणे निराळी. अमेरिकेच्या 1999 च्या वीजसंहितेने ती शयनगृहांसाठी, 2002 पासून, आवश्यक ठरवली. जोड घट्ट ठेवणे हा साधा उपाय.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2010 च्या नियमांत गळती-संरक्षण सक्तीचे होते, पण 5 किलोवॉटपेक्षा कमी भाराच्या घरगुती जोडण्या वगळल्या होत्या. म्हणजे एक पंखा, दोन दिवे आणि एक कूलर असलेले घर वगळले गेले. धोका मात्र किलोवॉट पाहून येत नाही.

शिक्षकांनी वरची दोन गणिते फळ्यावर जरूर करून घ्यावीत. प्रत्यक्ष वीजजोडणीवर प्रयोग मात्र कदापि करू नये. घरी ईएलसीबी असल्यास महिन्यातून एकदा त्याचे चाचणीचे बटण दाबून स्विच पडतो का, एवढे पाहण्यास विद्यार्थ्यांना सांगावे. आणि परीक्षेत ‘फ्यूजचे कार्य लिहा’ याऐवजी विचारावे : फ्यूज कोणाला वाचवतो, आणि कोणाला नाही?