आधी सूत, मग दोर

योहान डेव्हिड व्हीस हा स्वित्झर्लंडमधल्या बर्नचा धर्मोपदेशक. आपल्या चार मुलांसाठी त्याने रचलेली गोष्ट त्यांच्यातल्याच एकाने, योहान रुडॉल्फने, नीटनेटकी करून १८१२ साली झुरिचमध्ये छापवली. आपण ती ‘स्विस फॅमिली रॉबिन्सन’ या इंग्रजी नावाने ओळखतो. जहाज फुटून निर्जन किनाऱ्याला लागलेले आईबाप आणि त्यांची चार मुलं, एवढंच कथासूत्र. पेंग्विन, कांगारू आणि माकडं एकाच किनाऱ्यावर भेटतात, बापाचे उपदेश पानंच्या पानं चालतात. तरीही हे पुस्तक दोनशे वर्षं वाचलं जातंय, आणि त्याचं मोठं श्रेय मी झाडावरच्या घराच्या प्रकरणांना देतो. डिस्नेने १९६० साली यावर चित्रपट काढला आणि दोनच वर्षांनी डिस्नेलँडमध्ये ते घर उभं केलं, तेही याच प्रकरणांच्या ओढीने.

या घराची कल्पना मुलांची नाही, आईची आहे. किनाऱ्यावरच्या खडकांत तंबू तापतो, सावली नाही. धाकट्या मुलांना घेऊन ती आत रानात जाते आणि प्रचंड झाडांची एक राई शोधून काढते. त्यांची मुळं जमिनीवर कमानी करून उभी आहेत. इथेच वर राहायचं, असं ती ठरवते. नवरा आधी थट्टेवारी नेतो, पण झाडं पाहिल्यावर तिचं म्हणणं मान्य करतो. लेखकाने इथे फार मोलाची गोष्ट केली. घराला गरज दिली. सावली हवी, रात्री जनावरांपासून निर्धास्त झोप हवी. या गरजेमुळेच पुढची प्रत्येक फळी वाचकाला आवश्यक वाटते.

आता सगळ्यात सुंदर भाग. खालची फांदीसुद्धा इतकी उंच, की तिच्यापर्यंत पोचायचं कसं हाच प्रश्न. बाप धनुष्य तयार करतो, बाणाला मजबूत सूत बांधतो आणि बाण फांदीवरून पलीकडे सोडतो. बाणाच्या वजनाने सूत खाली येतं. सुताला बारीक दोरी बांधून ओढायची, दोरीला जाड दोर, दोराला शिडी. हलक्याने जडाला वर न्यायचं. सुताने माणसाचं वजन पेललं नसतं, आणि जाड दोर बाणाने वर गेला नसता. झाडावर काम करणारे लोक आजही उंच फांदीवर आधी बारीक दोरीच टाकतात, मग तिने जाड दोर चढवतात. व्हीस हे घाईने उरकत नाही. बापाच्या हातातली क्रिया पायरीपायरीने वाचताना चौदा वर्षांच्या पोरालाही वाटतं, हे मला जमेल. मुलांसाठी लिहिलेल्या गद्यात ही ताकद दुर्मीळ आहे.

शिडी बांधली की हलका, चपळ जॅक आधी चढतो, मागून थोरला फ्रिट्झ हातोडा-खिळे घेऊन, आणि शिडी वर पक्की झाल्यावरच बाप. मग वरच्या फांदीला कप्पी लागते, जहाजाच्या फळ्या वर येतात. फांद्या तोडतानाही विचार आहे: झुले टांगायला काही फांद्या राखायच्या, शिडाच्या कापडाचं छत पेलायला त्याहून वरच्या. कडेने कठडा. कठड्याशिवाय मुलांना वर ठेवायचं नाही, हे त्याला कुणी सांगावं लागत नाही.

आजचा सुतार एका जागी मात्र त्याला अडवेल. झाडाची उंची शेंड्याकडून वाढते, म्हणून खोडात ठोकलेला खिळा वर सरकत नाही. पण खोड जाड होत जातं आणि खिळा, फळी दोन्ही गिळायला लागतं. जवळजवळ ठोकलेले पुष्कळ खिळे तेवढा भाग मारूनही टाकतात. म्हणून आता जाणते लोक खोडात मोजकेच जाड पोलादी बोल्ट बसवतात, आणि तुळई दोन झाडांवर टेकवायची असेल तर तिचं एक टोक सरकतं ठेवतात. दोन खोडं वाऱ्यात वेगवेगळी डोलतात. तुळई दोन्हीकडे आवळली तर तीच मोडते. व्हीसने सगळं घर एकाच झाडावर पेललं, त्यामुळे हा धोका आपोआप टळला.

पुढे खोड आतून पोकळ असल्याचं मधमाश्यांमुळे कळतं, माश्यांना धुराने गुंगवून बाहेर काढतात आणि पोकळीत गोल जिना बसवतात. हे ऐकायला अद्भुत, तरी निराधार नाही. झाडाचं जिवंत लाकूड सालीलगत असतं, म्हणून गाभा गेलेलं खोडही वर्षानुवर्षं हिरवं राहतं. जिन्याचा भाग मला तरी बाणाच्या प्रकरणाइतका भिडत नाही. तिथे सगळं जरा फार सहज जमून येतं.

पण पावसाळा येतो आणि लेखक स्वतःच्या लाडक्या घराचीही गय करत नाही. पाणी आत शिरतं, झुले भिजतात. सगळं कुटुंब खाली उतरून मुळांमधल्या आडोशाला जनावरांसोबत, धुरात आणि दमट वासात दिवस काढतं. पुढे ते गुहेत राहायला जातात आणि झाडावरचं घर उन्हाळ्यापुरतं उरतं. कोकणातल्या वाचकाला हे पान पटवून द्यावं लागणार नाही. माझ्या मते पुस्तकातलं हे सर्वांत प्रामाणिक पान आहे. एवढ्या हौसेने उभं केलेलं घर कुठे अपुरं पडतं, हे मुलांपासून लपवलेलं नाही.

अंगणातल्या आंब्यावर किंवा चिंचेवर मुलांसाठी घर बांधायचं मनात असेल, तर आधी ही प्रकरणं त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. पावसाचं प्रकरण मात्र गाळू नका.