‘आघातोत्तर’मधील ‘उत्तर’ : मंटो यांच्या ‘खोल दो’च्या निमित्ताने

निर्वासितांच्या अनुभवावरील साहित्याची चर्चा करताना ‘आघातोत्तर ताणविकृती’ ही संज्ञा आता समीक्षेत रुळली आहे. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली आपल्या निदानपुस्तिकेत तिला स्थान दिले. व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांचा अनुभव त्यामागे प्रामुख्याने होता. युद्ध मागे पडले आहे, सैनिक घरी आला आहे, पण मनात युद्ध चालूच आहे, अशी कालरचना या प्रतिमेत गृहीत आहे. निर्वासिताला ती लागू पडते काय?

१९४८ च्या आरंभी मुंबई सोडून लाहोरला गेलेल्या सआदत हसन मंटो यांची ‘खोल दो’ ही कथा या दृष्टीने वाचण्याजोगी आहे. अमृतसरहून निघालेली गाडी मुघलपुऱ्याला पोचते. छावणीत शुद्धीवर आलेल्या सिराजुद्दीनला मुलगी सकीना सापडत नाही. तिला शोधण्याचे आश्वासन स्वधर्मीय स्वयंसेवक देतात. ती त्यांना सापडतेही. पुढे ती रुळांजवळ बेशुद्ध आढळते. तपासताना डॉक्टर खिडकी उघडायला सांगतात आणि त्या शब्दासरशी सकीनाचे निर्जीव हात सलवारीची नाडी सोडतात.

या हालचालीला ‘लक्षण’ म्हणणे सोपे आहे. आघाताची अनैच्छिक पुनरावृत्ती तीत दिसतेच. परंतु मंटो यांनी अत्याचार सीमेपलीकडे ठेवलेला नाही. तो आश्रयाच्या भूमीवर, सुटका करणाऱ्यांच्याच हातून घडतो. सकीनाच्या दृष्टीने ‘नंतर’ असा काळ सुरूच झालेला नाही. तिचे शरीर भूतकाळ आठवत नाही. ते वर्तमानातील आज्ञा पाळते. खिडकीसाठी उच्चारलेला शब्द आणि तिला ठाऊक असलेला शब्द यांत भेद करण्याचे कोणतेही कारण जगाने तिला दिलेले नाही. म्हणूनच येथे विकृती केवळ तिच्या मनात शोधता येत नाही. ती त्या शब्दाच्या सार्वजनिक वापरातही आहे.

मुलगी जिवंत असल्याचे पाहून सिराजुद्दीन आनंदाने ओरडतो. डॉक्टर घामाने निथळतो. एकाला जीव दिसतो, दुसऱ्याला अर्थ कळतो. समीक्षकाची जागा स्वाभाविकपणे डॉक्टरची आहे. मात्र मंटो यांचा डॉक्टर निदान उच्चारत नाही, हे विसरता कामा नये. संज्ञा टाकून द्यावी असे नव्हे. तिच्यामुळे सकीनाच्या हालचालीमागील यातना ओळखता येते. पण ‘उत्तर’ हे पद वापरण्यापूर्वी आघात खरोखर संपला आहे काय, हे संहितेला विचारणे ही समीक्षेची किमान जबाबदारी आहे.