तेरावी थाळी

कापूस वेचणीचे दिवस आहेत, तरी मोताळ्यात तुम्ही एवढे लोक जमलात. पुढे हे व्याख्यान ऐकणारे, वाचणारेही आहेत. सगळ्यांचे आभार. येताना एकानं आम्हाला विचारलं, ‘सर, तत्त्वज्ञानाचा माणूस परीकथेच्या सिनेमावर काय बोलणार?’ बोलून पाहू.

सिनेमा २०१४ सालचा, नाव ‘मॅलेफिसन्ट’. दिग्दर्शक रॉबर्ट स्ट्रॉमबर्ग, मुख्य भूमिकेत अँजेलिना जोली. गोष्ट झोपी गेलेल्या राजकन्येचीच, पण सांगितली आहे तिला शाप देणाऱ्या परीच्या बाजूनं.

आता, हरलेल्याची बाजू आपल्याला काही नवीन नाही. आपल्याच जिल्ह्यातलं लोणार घ्या. दैत्याला मारणाऱ्या विष्णूचं, म्हणजे दैत्यसूदनाचं, देखणं देऊळ तिथं आहे. पण दंतकथेप्रमाणे गावाला नाव मिळालं ते मारल्या गेलेल्या लवणासुराचं. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त वामनावताराची कथा बळीराजाच्या बाजूनं वाचून दाखवली. तेव्हा बाजू बदलली एवढ्यावरून आम्ही सिनेमाचं कौतुक करणार नाही, तक्रारही करणार नाही. बाजू बदलल्यावर काय दिसलं, ते विचारू.

दिसतं ते असं. परी आणि स्टीफन नावाचा गरीब पोरगा, दोघांचं लहानपणापासून प्रेम. म्हातारा राजा जाहीर करतो, जो या परीला मारील त्याला गादी. स्टीफन तिला गुंगीचं औषध पाजतो. जीव घ्यायला हात धजत नाही, म्हणून तिचे पंख कापून नेतो आणि राजा होतो. पुढे त्याला मुलगी होते. तिच्या बारशाला परी न बोलावता येते आणि शाप देते, की सोळाव्या वाढदिवशी हिला चरख्याची चाती टोचेल आणि ही मेल्यासारखी झोपेल. जाग आल्यावर आपले पंख गेले हे परीला कळतं, तो प्रसंग जोलीनं असा केला आहे, की पाहणाऱ्याच्या पोटात कालवतं.

पण एक पाहा. ही खलनायिका निर्दोष ठरावी म्हणून दुसरा खलनायक उभा करावा लागला. स्टीफन राजा झाल्यावर वाईटच होत जातो. त्याची बाजू कोण सांगणार? दोष होता तेवढाच राहिला, फक्त या खांद्यावरून त्या खांद्यावर गेला. ही युक्ती जुनी आहे. महाभारतात दुष्यंताला सगळं आठवत असतं, तरी लोक काय म्हणतील म्हणून तो शकुंतलेला नाकारतो. कालिदासानं मध्ये दुर्वासाचा शाप आणला. राजा विसरला, आणि अपराधातून सुटला. तिथं नायकाला सोडवलं, इथं खलनायिकेला.

बरं, दुर्वास रागावला कशानं? दारात पाहुणा उभा, आणि कोणाचं लक्ष नाही, एवढ्यानं. आमच्या मते या परीकथेचं मर्मही तिथंच आहे, आणि नेमकं तेच सिनेमातून निसटलं. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या संग्रहात ही गोष्ट आहे. राज्यात जादू जाणणाऱ्या बायका तेरा, राजाकडे सोन्याच्या थाळ्या बारा. म्हणून एकीला बोलावणंच केलं नाही. त्याआधी १६९७ साली फ्रान्समध्ये पेरोनं ही कथा लिहिली, तिच्यातही एका म्हाताऱ्या परीला सगळे विसरतात. ती आल्यावर पान वाढतात, पण इतरींना दिलेला सोन्याचा संच तिच्यासाठी केलेलाच नसतो.

सिनेमातही परी आमंत्रण न मिळाल्याचं बोलते, पण टोमणा म्हणून. तिच्या रागाला कारण म्हणून पंखच कापावे लागले. एवढी मोठी जखम असल्याशिवाय प्रेक्षकाला राग पटणार नाही, असं करणाऱ्यांना वाटलं असावं. मंडळी, आपल्याला पटला असता. एका लग्नात मानाचा आहेर राहिला म्हणून दोन-दोन पिढ्या बोलणं बंद असलेली घरं आपण पाहिली आहेत. माणूस कडवट व्हायला पंख कापावे लागत नाहीत, थाळी न मांडणंही पुरतं.

हे आम्ही पुस्तकातून सांगत नाही. आमची एक आत्या होती, ऐन तारुण्यात विधवा झालेली. आमच्या पहिल्या मुलीच्या बारशाला घुगऱ्या तिनं शिजवल्या, पाहुण्यांचं पाणी तिनं भरलं. पाळण्याजवळ मात्र तिला कोणी बोलावलं नाही. आम्ही त्या वेळी कॉलेजात मुलांना कांट शिकवत होतो. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, हे फळ्यावर लिहून देत होतो. आणि घरात गप्प राहिलो. आत्यानं शाप दिला नाही. म्हणून तिची गोष्ट झाली नाही, इतकंच.

आता सिनेमातली सगळ्यात खरी जागा. परी त्या मुलीवर लांबून नजर ठेवते आणि ठेवता ठेवता तिचा जीव तिच्यात गुंततो. एका रात्री ती स्वतःचाच शाप मागे घ्यायला जाते, आणि घेता येत नाही. आपलाच शब्द तिला जुमानत नाही. हाना आरेंट यांनी १९५८ च्या ‘द ह्यूमन कंडिशन’मध्ये हेच मांडलं, की केलेली कृती न केल्यासारखी करता येत नाही, वाट असते ती क्षमेची, आणि क्षमा दुसऱ्यानं करायची असते. आपल्याकडे म्हणूनच शाप परत घेत नाहीत, उःशाप देतात. सिनेमात राजपुत्राच्या चुंबनानं मुलगी उठत नाही. परी पश्चात्तापानं तिच्या कपाळावर ओठ टेकवते, तेव्हा उठते. इथं मात्र सिनेमा परीला निर्दोष ठरवत नाही, तिच्याकडून तिचं केलेलं कबूल करून घेतो. सगळा सिनेमा या पायरीवर उभा असता, तर तो फार वरचा ठरला असता.

२०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनानं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींपुढे तो आदर्श ठेवला. ती बातमी वाचताना आम्हाला आत्या आठवली. ती तोवर राहिली नव्हती. शाप जसा परत घेता येत नाही, तसं न केलेलं बोलावणंही मागच्या तारखेनं करता येत नाही.

ग्रिमच्या गोष्टीत शाप ऐकल्यावर राजा काय करतो, आठवतंय? राज्यातल्या झाडून सगळ्या चात्या जाळायला लावतो. सगळ्या राज्याचं सूतकाम बंद करायची त्याची तयारी आहे. पण आणखी एक थाळी करून घ्यावी आणि त्या बाईच्या घरी जाऊन यावं, हे त्याला सुचत नाही. पुढच्या कार्याची यादी कराल, तेव्हा बारा नावं झाल्यावर जरा थांबा, एवढंच सांगायचं होतं. आता तुमचे प्रश्न घेऊ.