अंधारात बुडालेला ‘फकिरा’

अण्णा भाऊ साठे यांच्या ‘फकिरा’ (१९५९) या कादंबरीवर १९६३ साली चित्रपट निघाला. त्याची चर्चा करताना कथा कितपत पाळली गेली, एवढेच आपण पाहत आलो. परंतु सातारा-सांगलीकडचा आजचा विद्यार्थी तो थिएटरात पाहत नाही. जयंतीच्या सुमारास हातोहात फिरणारी प्रत किंवा तिची नक्कल, हाच त्याचा ‘फकिरा’ असतो. म्हणून प्रतीच्या चित्राची व ध्वनीची परीक्षा हेही समीक्षेचेच काम आहे, असे मी मानतो.

माझ्या हाती आलेल्या प्रतीत रात्रीच्या प्रसंगी माणसे नाहीशीच होतात. जुना चित्रपट असाच असायचा, असे कुणी म्हणेल. हे खरे नव्हे. कृष्णधवल निगेटिव्हमध्ये करड्या रंगाच्या असंख्य छटा असतात. नकलेवरून नक्कल निघत गेली की मधल्या छटा गळतात. त्यावर चित्र ‘उठावदार’ करण्यासाठी कॉन्ट्रास्ट वाढवला, की गोरा चेहरा खुलतो आणि सावळा चेहरा अंधारात जातो. यंत्राला जात नसते. पण यंत्र कुणाचा चेहरा प्रमाण मानून लावले, हा प्रश्न उरतोच.

व्हीसीडीचे चित्र ३५२ गुणिले २८८ बिंदूंचे. डीव्हीडीचे ७२० गुणिले ५७६, म्हणजे चौपट. मात्र बिंदू वाढले म्हणून दर्जा आला असे नव्हे. जुनी चौकोनी चौकट रुंद टीव्हीवर भरण्यासाठी वरखाली कापली, तर उंचीचा चौथा हिस्सा जातो. ओरखडे मला खटकत नाहीत. ते चित्रपट गावोगाव चालल्याची खूण आहेत. ते पुसण्याच्या नादात चेहरे मेणासारखे गुळगुळीत होतात, ते अधिक वाईट.

ध्वनीचे नुकसान याहून मोठे. सेकंदाला २४ चौकटींचा चित्रपट २५ च्या वेगाने उतरवला, की तो चार टक्के जलद धावतो आणि आवाज थोडा चढतो. भरदार गळा पातळ होतो. खरखर काढणारी चाळणी फार कडक लावली, तर हलगीच्या टिपरीचा तडाखा बोथट होतो, ‘स’ आणि ‘श’ पुसट होतात. अण्णा भाऊंचे वाटेगाव तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातले, आजच्या सांगलीतले. वारणाकाठची बोली हा त्यांच्या लेखनाचा प्राण. ती ऐकूच आली नाही, तर आशयाची चर्चा कशाच्या आधारावर करायची?

वाईट का होईना, पण प्रत वस्तीपर्यंत पोचली, हे मोल मी नाकारत नाही. मात्र वस्तीला वाईटच चालते, हा त्याचा अर्थ कुणी काढू नये. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. त्या काळातली अॅसिटेट फिल्म उष्ण, दमट हवेत सडते; तिला व्हिनेगरसारखा वास येऊ लागतो. कोणता चित्रपट आधी वाचवायचा, ही निवड प्रस्थापित अभिरुचीवर सोडून चालणार नाही.

कार्यकर्त्यांनी व शिक्षकांनी प्रत दाखवण्यापूर्वी चार गोष्टी तपासाव्यात: अंधारातले चेहरे दिसतात का, चौकट पूर्ण आहे का, बोली कळते का, आवाजाचा वेग खरा आहे का. उणीव लिहून ठेवावी आणि चांगली प्रत मागावी. ज्यांना इतिहासाने अंधारात ठेवले, त्यांना पडद्यावर तरी स्पष्ट दिसण्याचा व ऐकू येण्याचा हक्क आहे.